गाजुल अण्णांनी हळू केलेलं पान

मोबाइलवर एखादं पान उघडायला वेळ लागला, की अजूनही माझ्या कानात कुणीतरी तेलुगूत आकडे मोजायला लागतं. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू... मला तेलुगू येत नाही. येतात ते एवढे दहा आकडे, आणि तेही गाजुल अण्णांमुळे. अण्णांना जाऊन आता दीड वर्ष झालं. पण बँकेत असो, दवाखान्यात असो, हातातल्या फोनवर ते गोल चक्र फिरायला लागलं, की अण्णा माझ्या पाठीमागं येऊन उभे राहतात. मागं वळून बघायची सवय मी फार कष्टानं मोडली आहे.

अण्णांचा धंदा सांगितला की लोक हसत. दुसऱ्यांनी बनवलेल्या वेबसाइट आणि ब्लॉग लवकर उघडतील असं करून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. नवी साइट बनवून हवी म्हणून कुणी आलं, तर ते त्याला बाजूच्या गल्लीतला पत्ता देत. "बनवणारे गावभर हायेत की. मी फकस्त वजन उतरवतो," असं म्हणत. सोलापूरच्या नवी पेठेत एका साड्यांच्या दुकानाच्या वर आमची खोली होती. दोन टेबलं, एक खिडकी, आणि खालून दिवसभर "या ताई, आत या, नवीन माल आलाय" असा पुकारा. मी तिथं मजकूर लिहायला होते. म्हणजे दुकानदारांनी पाठवलेलं कडबोळं धड मराठीत करायचं. मराठीत एम.ए. करून हे करावं लागतं याचा मला भयंकर राग यायचा आणि तो मी अण्णांवर काढायचे. ते मला मॅडम म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला सहा वर्षांत कळलं नाही.

अण्णा विणकरांच्या घरातले. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि वैतागले की दोन्ही एकदम. लहानपणी वडिलांच्या मागावरून उतरलेली चादर तळहातावर घेऊन तिचं वजन सांगायचं, हा त्यांचा खेळ होता. तो हात पुढं तसाच राहिला. माझा डबा उचलून ते म्हणत, "आज तीनच पोळ्या. घरी भांडण झालं काय?" आणि पोळ्या खरंच तीन असत. (भांडणही झालेलं असे.) वेबसाइटकडंही ते त्याच हातानं बघत. एखाद्या पानावर मोठा फोटो दिसला, की डोळे बारीक करून म्हणत, "ह्यो एकटाच पाच चादरींचा हाय बघा." मग तो फोटो बारीक होई, पण दिसायला तसाच राही. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "चादर जड पाहिजे, पान हलकं पाहिजे. उलटं केलं की दोन्ही वाया."

काम हातात घेतलं की ते आधी पडद्याकडं बघतच नसत. डोळे मिटून बसत आणि मला म्हणत, "दाबा." मी पान उघडायला दाबलं की त्यांचं मोजणं सुरू. पान पुरतं उघडलं की मी "आलं" म्हणायचं. तो आकडा ते वहीत लिहीत. "पाचाच्या वर माणूस थांबत न्हाय मॅडम," ते म्हणत. "पाचाच्या वर फकस्त गरजू थांबतो. आन् गरजूला ताटकळत ठेवायचं म्हणजे पाप हाय."

नवी पेठेतल्या जोरदार नेटवर साइट पळाली तर त्यांना त्याचं कौतुक नव्हतं. "हितं काय, दगडबी उघडतो." खरी परीक्षा मंगळवेढ्याच्या वाटेवर. त्यांच्याकडं एक जुनाट, काच तडकलेला फोन होता. तो घेऊन ते एसटीनं जात आणि एका फाट्यावर उतरत. तिथं रेंज असून नसल्यासारखी. रस्त्याच्या कडेला उभं राहून पान उघडत, मोजत, आणि परतीच्या एसटीनं येत. एका सराफानं त्याच्या साइटवर दागिन्यांची भलीमोठी फिल्म लावली होती. ती काढू देईना. "गिऱ्हाइकाला आवडते," म्हणे. अण्णांनी वाद घातला नाही. एका सकाळी त्या गृहस्थाला त्याच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांसकट एसटीत बसवलं, फाट्यावर उतरवलं आणि फोन हातात दिला. दोन्ही बाजूंना ज्वारी, मध्ये सराफ, आणि फोनवर चक्र फिरतंय. परत आल्यावर तो मला म्हणाला, "ताई, माझंच दुकान मला दिसंना हो." संध्याकाळी फिल्म निघाली. अण्णा आठवडाभर खुशीत होते.

हे सगळं आधीचं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते, नाहीतर मी सराफाच्याच गोष्टी सांगत बसेन.

अक्कलकोटच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका गावातून दोन प्राथमिक शिक्षक आमच्याकडं आले. त्यांच्या शाळेतले महांतेश गुरुजी तापाचं निमित्त होऊन अचानक गेले होते. वय पस्तीसच्या आतलं. लग्न झालेलं नव्हतं, घरी फक्त आई. गुरुजींनी मुलांसाठी एक ब्लॉग चालवला होता. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना मराठी पुस्तक समजावं म्हणून धडे, कोडी, गणितं, चित्रं, सगळं त्यात होतं. आजूबाजूच्या वस्त्यांवरची मुलं अजून तेच वापरत होती. पण पान उघडता उघडत नव्हतं. "मुलं फोन हातात धरून बसतात आणि कंटाळून ठेवून देतात," त्यातले एक शिक्षक म्हणाले. "त्याचं काम असं वाया जाऊ नये, एवढंच."

अण्णांनी डोळे मिटले. मी दाबलं. ते चाळीसच्या पुढं गेले तेव्हा मी "आलं" म्हटलं.

हौशी शिक्षकांच्या ब्लॉगवर जे जे असतं ते सगळं तिथं होतं. वरून पडणारी फुलं, टिकटिकणारं घड्याळ, सरकत जाणारी स्वागताची पट्टी, किती जण येऊन गेले त्याचा आकडा. पण खरा खोळंबा वेगळाच निघाला. पान उघडताच गुरुजींचा आवाज आपोआप लागावा अशी सोय त्यांनी केली होती. तो आवाज ब्लॉगवर नव्हता. दुसऱ्याच कुठल्या फुकटच्या जागेवर ठेवलेला होता, आणि ती जागा कधीचीच बंद पडली होती. ब्लॉगवर उरला होता नुसता तिचा पत्ता. पान त्या पत्त्यावर जाऊन हाका मारत बसायचं, ओ आली नाही की थकून पुढं सरकायचं. अण्णा म्हणाले, "मेलेल्या पत्त्यावर थांबलंय बिचारं." त्यांनी ती ओळ काढून टाकली. फुलं, घड्याळ, पट्टी काढली, चित्रं हलकी केली. फाट्यावर जाऊन आले ते हसतच. "चारात उघडलं!" धड्यांना त्यांनी बोटही लावलं नव्हतं. मुलांचं काम उत्तम झालं होतं, हे आजही मला म्हणायचं आहे.

चार दिवसांनी त्यातल्या एका शिक्षकांचा फोन. सगळीकडं झकास चाललंय, फक्त गुरुजींच्या आईंच्या फोनवर अजून जुनंच पान दिसतंय, फुलंबिलं पडतात. अण्णांना असलं अर्धवट राहिलेलं खपत नसे. कारण त्यांना ठाऊकच होतं. फोन एकदा पाहिलेलं पान स्वतःजवळ साठवून ठेवतो आणि तेच पुन्हा दाखवतो. साठवलेलं पुसलं की नवीन येतं. त्यांनी अव्वांना, म्हणजे गुरुजींच्या आईंना फोन लावला.

अव्वांना वाचता येत नव्हतं. शेजारणीच्या फोनवरून त्या बोलत होत्या आणि मुलाचा फोन हातात होता. अण्णांनी अर्धा तास खर्च केला. "वर कोपऱ्यात तीन ठिपके हायेत का अव्वा? ते दाबा. आता खाली या. पेटीवाणी चित्र दिसतंय? त्येच्यावर बोट ठेवा. आता दोन शब्द येतील, त्यातला उजवीकडचा दाबा. दाबला? शाब्बास अव्वा!" फोन ठेवून ते माझ्याकडं वळले. "बघा मॅडम, शिकलेली माणसंबी इतकं नीट ऐकत न्हाईत." मी त्यांना चहा सांगितला. आम्हा दोघांनाही फार छान वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वांचाच फोन आला. अण्णांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला, मलाही कौतुक ऐकू यावं म्हणून.

"अण्णा, फोन लई गडबडीत उघडालाय आता."

"व्हय की अव्वा. चांगलं झालं न्हवं?"

"चांगलंच की. पर त्यो बोलंना झालाय."

"कोण?"

"महांतेश. रोज सकाळी मी चहा ठेवते आन् फोन दाबून भिंतीला टेकवून ठेवते. चहाला उकळी आली की त्यो बोलतो. बर्री, बर्री, या बाळांनो, आज कोण कोण आलंय, आसं. कालपास्नं दाबल्या दाबल्या पान येतंय आन् गप बसतंय. त्येला बोलायला सवडच मिळंना. जरा पयल्यासारखं सावकाश करा की."

खाली दुकानात कुणीतरी "नवीन माल आलाय" म्हणत होतं. मला समजायला थोडा वेळ लागला, अण्णांना नाही लागला. ती जागा बंद पडण्यापूर्वीच अव्वांच्या फोननं तो आवाज आपल्याजवळ साठवून ठेवला होता. पान रिकाम्या पत्त्यावर थांबायचं, थकायचं, आणि मग आपल्याजवळचा साठा लावायचं. जगात तो आवाज तेवढ्या एका फोनमध्ये उरला होता. आणि अण्णांनी तो आईच्याच बोटानं पुसून घेतला होता.

"बघतो अव्वा," अण्णा म्हणाले. "काम चालू हाय."

त्या "काम चालू हाय"वर आमचं पुढं वर्षभर भांडण झालं. मी म्हणायचे, सांगून टाका. ते म्हणायचे, सांगतो की, आधी शोधून तर बघू. शोधलं मात्र त्यांनी जिवापाड. शाळेचा संगणक बघितला. सहकारी शिक्षकांचे फोन बघितले. दर गुरुवारी ते अक्कलकोटला जायला लागले. गर्दी स्वामींच्या मठाकडं जायची आणि अण्णा स्टँडवरूनच पुढच्या गावाची जीप पकडायचे. त्या वस्त्यांवर दारोदार जाऊन, मोडकी कन्नड बोलून, मुलांच्या आईबापांचे फोन मागून घ्यायचे. ज्या ज्या फोनवर तो ब्लॉग कधी उघडला गेला होता तो प्रत्येक फोन. पण मुलांच्या फोनवर सिनेमाची गाणी, लग्नाचे व्हिडिओ, आणि जागा भरली की मुलं आपली आपणच पुसून टाकणार. अण्णांना गुरुजींचे धडे मिळाले, फोटो मिळाले, शाळेच्या गॅदरिंगमधली पाठमोरी आकृती मिळाली. आवाज मिळाला नाही.

ऑफिसात माणूस बदलून गेला. काहीही काढून टाकायचं म्हटलं की त्यांचा हात थांबायचा. एका औषधवाल्याच्या साइटवरची दहा वर्षांपूर्वीची दिवाळीची शुभेच्छा काढायला त्यांनी त्याला तीनदा फोन केला. "ह्यात कुणाचं काय हाय का? कुणी बघत असंल का रोज?" तो वैतागून म्हणाला, "अहो, कोण बघतंय!" अण्णा तरी ती काढेनात. आमच्या हातून गेलेल्या साइट जड राहायला लागल्या. ज्या माणसाचा हात डब्यातल्या पोळ्या मोजायचा, त्याला आता कशाचंच वजन कळेनासं झालं होतं. मी चिडचिड करायचे. एकदा तर तोंडावर म्हणाले, "अण्णा, कानाला खडा लावायचा तर लावा, पण धंद्याला टाळं कशाला लावताय?" तेव्हा मला वाईट वाटलं नाही, आता वाटतं.

मग एक दिवस जुनी कामं तपासताना मला गुरुजींच्या ब्लॉगवर एक वेगळंच पान सापडलं. मुलांना ते दिसत नव्हतं, त्यांचं पान अजून चारातच उघडत होतं. या पानाचा पत्ता वेगळा होता आणि तो फक्त अव्वांच्या फोनवर लावून दिलेला होता. त्यावर फुलं पडत होती. घड्याळ टिकटिकत होतं. आणि खाली ती ओळ पुन्हा लिहिलेली होती, बंद पडलेल्या जागेचा तोच पत्ता. मी दाबलं आणि मनातल्या मनात मोजत बसले. चाळीसच्या पुढं गेले.

"हे काय आहे अण्णा?"

"त्यांनी सावकाश करा म्हटलं हुतं ना," ते म्हणाले. "दुसरं काय येतंय मला?"

आयुष्यभर पानं पळवणाऱ्या माणसानं हे एक पान हातानं हळू केलं होतं. आणि ती बाई रोज सकाळी त्याच्यासमोर चहा ठेवून बसत होती. मला राग आला, खूप राग आला. हे दया करणं नव्हे, असं मी त्यांना सुनावलं.

मला पुण्याची नोकरी लागली. जायच्या आठवड्यात मी म्हटलं, या गुरुवारी मी तुमच्याबरोबर येते. सांगायचं धाडस होत नसेल तर मी सांगेन, असा माझा मनातला बेत होता. अण्णांना तो कळला असावा. एसटीत ते सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

अव्वांचं घर दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेलं अंगण, दारात तुळस. बाई बारीक, कपाळ रिकामं, डोळे मात्र फार चपळ. मला त्यांनी आधी पाणी दिलं, मग माझं लग्न झालं का ते विचारलं, आणि मग चुलीवर चहा ठेवला. फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि डाव्या हाताच्या बोटानं दाबला. आम्ही तिघं खाली बसलो. शेजारी बसलेल्या अण्णांचे ओठ हलत होते. चहाला उकळी आली. पान उघडलं. फुलं पडायला लागली. कुणी बोललं नाही.

"आज बी न्हाय," अव्वा म्हणाल्या. त्यांनी चहा गाळला आणि आमच्यापुढं ठेवला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच बोलल्या.

"अण्णा, येक इचारू? राग मानू नका. तुमी इतकं हेलपाटं घालताय, म्हणून मला सांगायला त्वांड न्हवतं. त्या दिशी तुमी फोनवर नीटच सांगत हुतासा. म्या कुटंतरी चुकीचं दाबलं. म्याच पुसलं त्येला. व्हय न्हवं? तवापास्नं ह्या हातानं मी फोनला शिवत न्हाय." त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला.

वर्षभर ही बाई असं समजत होती. आणि आम्ही दोघं तिला दुःख नको म्हणून गप्प होतो.

"न्हाय अव्वा," अण्णा म्हणाले. "तुमी येकबी चुकीचं दाबलं न्हाय. मी सांगितलं तसंच दाबलं. त्यो आवाज तुमच्याच फोनमधी तेवढा राह्यला हुता. मला कळायला पायजे हुतं. न इचारता मी पुसाय लावलं. मी पुसलं. आता त्यो कुटंच न्हाय."

मला वाटलं, अव्वा रडतील, किंवा आम्हाला बाहेर घालवतील. "मग तवाच का न्हाय सांगितलं?" त्या म्हणाल्या. "वरीसभर मी माज्या बोटाला शिव्या देत बसले की, अण्णा."

परतीच्या जीपचा हॉर्न वाजला. मी उठले. अण्णा उठले नाहीत, त्यांनी मला हातानंच जा म्हणून खूण केली. मी अंगणात येऊन चपला घातल्या, तेव्हा आतून अव्वांचा आवाज आला.

"परत सांगा. कुणी पुसलं?"

"मी पुसलं, अव्वा."

"परत येकदा सांगा."

जीपमध्ये चढताना मी वळून पाहिलं. ते मला दिसलेले शेवटचे अण्णा. उघड्या दारातून त्यांची पाठ दिसत होती, मान खाली होती. समोर अव्वांनी पदराखालचा हात काढून मांडीवर उताणा ठेवला होता, आणि अण्णा तिसऱ्यांदा सांगत होते.